नाटकाची संगीतिका होताना : बोलणे, गाणे आणि मधला स्वर

एखाद्या नाटकाची संगीतिका करावयाची म्हणजे त्यातील संवादांना चाली लावावयाच्या, अशी एक सर्वसाधारण समजूत आहे. ही समजूत सर्वस्वी चुकीची नव्हे. पण ती अपुरी आहे. चाल लावण्याचा प्रश्न उपस्थित होण्यापूर्वीच रूपांतरकाराला तीन निर्णय घ्यावे लागतात. मूळ संहितेतील काय वगळावयाचे, हा पहिला. उरलेल्यातील काय गावयाचे व काय बोलावयाचे, हा दुसरा. आणि बोलण्यापासून गाण्यापर्यंत पात्राने कोणत्या वाटेने जावयाचे, हा तिसरा. पहिल्या दोन निर्णयांची चर्चा नाट्यसमीक्षेत पुष्कळ होते. तिसऱ्याची त्या मानाने थोडी होते. परंतु रूपांतरित कृती एकजीव होणार की गद्य व पदे यांची नुसती जुळवणी ठरणार, हे बव्हंशी या तिसऱ्या निर्णयावर अवलंबून असते. आधुनिक इंग्रजी संगीतिका आणि मराठी संगीत नाटक या दोन परंपरांनी या प्रश्नाला दिलेली उत्तरे एकमेकांशेजारी ठेवून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. ‘संगीतिका’ हा शब्द येथे युरोपीय ‘ऑपेरा’ या अर्थी, म्हणजे जिच्यात नाट्याचा मुख्य भार गायनावर असतो अशा रंगमंचीय कृतीसाठी, योजिला आहे.

१. प्रश्नाचे स्वरूप

गायिलेल्या वाक्याला बोललेल्या वाक्यापेक्षा सामान्यतः दुप्पट-तिप्पट वेळ लागतो. तीन तासांचे नाटक अक्षरशः गावयाचे ठरविले, तर रात्र पुरणार नाही. म्हणून काटछाट अटळ असते. ती कोठे करावयाची याविषयी मात्र एक ढोबळ नियम सांगता येतो. स्थळाचे वातावरण, पात्राच्या मनातील खळबळ, न बोललेला संशय हे सारे संगीत शब्दांवाचून सांगू शकते. त्यासाठी खर्ची पडलेले शब्द निर्धास्तपणे वगळता येतात. उलट कथेची पूर्वपीठिका, कायद्याचा वा व्यवहाराचा मुद्दा, कोटी, युक्तिवाद या गोष्टी संगीताला सांगता येत नाहीत. त्या शब्दांतूनच पोहोचाव्या लागतात. हेच शब्द विस्ताराने गायिले तर हास्यास्पद होतात आणि नुसते बोलले तर गाण्याच्या संदर्भात कोरडे पडतात.

ही अडचण ओळखूनच इटालियन संगीतिकेने सतराव्या शतकात ‘रेसिटेटिव्ह’ नावाचा प्रकार घडविला. बोलण्याच्या लयीत, थोड्या वाद्यांच्या आधाराने, शब्दांची पुनरावृत्ती न करता स्वरांवरून पुढे सरकणारे हे गद्यप्राय गायन होय. त्यात कथा पुढे जाते. भावना दाटून आली की ते थांबते आणि विस्तृत गीताला वाट मिळते. भाषण आणि गीत यांच्या दरम्यानच्या या पातळीला पुढील विवेचनात ‘मधला स्वर’ असे म्हटले आहे.

२. इंग्रजी संगीतिकेची उत्तरे

इंग्रजी रंगभूमीला हा मधला स्वर सहजासहजी मानवला नाही. पर्सेलने सतराव्या शतकाच्या अखेरीस ‘डायडो अँड एनिअस’मध्ये इंग्रजीचे रेसिटेटिव्ह समर्थपणे हाताळले होते, तथापि पुढे लंडनमध्ये प्रतिष्ठा मिळाली ती हँडेलच्या इटालियन भाषेतील संगीतिकांना. त्या प्रतिष्ठेची टर उडविण्यासाठी जॉन गे याने १७२८ मध्ये ‘द बेगर्स ऑपेरा’ रंगभूमीवर आणले. त्यात चोर, भिकारी आणि तुरुंगाधिकारी ही पात्रे होती. लोकांच्या तोंडी असलेल्या चालींवर रचलेली ६९ गीते होती. आणि गीतांच्या मधे सरळ बोललेले गद्य होते. हा नमुना इंग्रजी रंगभूमीवर दीर्घकाळ टिकला. एकोणिसाव्या शतकातील गिल्बर्ट-सलिव्हन यांच्या लोकप्रिय कृतींतही गाणे संपते आणि बोलणे सुरू होते. म्हणजे मराठी संगीत नाटकाच्या प्रेक्षकाप्रमाणेच इंग्रज प्रेक्षकही ‘बोलणे, मग गाणे, पुन्हा बोलणे’ या क्रमाला सरावलेला होता. विसाव्या शतकातील संगीतकारांनी प्रसिद्ध नाटके हाती घेऊन या सवयीला पर्याय शोधला, म्हणून त्यांचे प्रयोग मराठी अभ्यासकाला विशेष उपयुक्त आहेत.

त्यांपैकी पहिला प्रयोग व्हॉन विल्यम्सचा. जे. एम. सिंग याची ‘रायडर्स टु द सी’ ही एकांकिका १९०४ मध्ये डब्लिन येथे प्रथम झाली. आयर्लंडच्या पश्चिमेकडील बेटावर राहणारी मॉर्या ही वृद्धा एकामागून एक पुत्र समुद्राला देत आली आहे. शेवटचा पुत्रही जातो, आणि आता समुद्राला तिच्याकडून नेण्यासारखे काही उरत नाही, एवढेच त्यातील कथानक. १९३७ मध्ये प्रथम सादर झालेल्या संगीतिकेत व्हॉन विल्यम्सने सिंगचे शब्द जवळजवळ जसेच्या तसे ठेवले. हे शक्य झाले याची कारणे दोन. एक तर मूळ कृतीच एका अंकाची होती. दुसरे असे की, सिंगच्या गद्यालाच आयरिश बोलीची अशी लय होती की त्याच्या चढउतारांवर स्वररेषा बेतता आली. या कृतीत स्वतंत्र उचलून म्हणावे असे गीत जवळजवळ नाही. सारी कृती मधल्या स्वरातच चालते, आणि मॉर्याच्या अखेरच्या शोकात तो स्वर आपोआप गीताच्या पातळीवर चढतो.

दुसरा प्रयोग बेंजामिन ब्रिटनचा. शेक्सपिअरच्या ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’वरील त्याची संगीतिका जून १९६० मध्ये ऑल्डबरो येथे झाली. संहिता स्वतः ब्रिटन आणि पीटर पिअर्स यांनी तयार केली. पाच अंकांचे तीन अंक झाले व सुमारे निम्मी संहिता गळली. मूळ नाटकाचा आरंभ अथेन्सच्या दरबारात होतो; संगीतिकेचा पडदा एकदम अरण्यात उघडतो. दरबारातील प्रवेश गेल्यामुळे हर्मियावर डेमेट्रियसशी विवाह करण्याची सक्ती होती हा दुवाच तुटत होता. तो जोडण्यासाठी शेक्सपिअरचे नसलेले एक छोटे वाक्य घालावे लागले. साऱ्या संहितेत शेक्सपिअरबाहेरचे वाक्य काय ते तेवढेच. काटछाटीची शिस्त किती कठोर असू शकते, याचे हे उदाहरण नित्य स्मरणात ठेवण्याजोगे आहे.

तथापि ब्रिटनच्या कृतीतील अधिक बोधप्रद भाग वेगळाच आहे. त्याने पात्रांच्या तीन समूहांना तीन निरनिराळे वाद्यवर्ण दिले. पऱ्यांच्या जगाला हार्प, हार्प्सिकॉर्ड, सेलेस्टा व तालवाद्ये. प्रेमिकांना तंतुवाद्ये व काष्ठवाद्ये. नाटक बसविणाऱ्या कारागिरांना बसून आणि खर्जातील पितळी वाद्ये. आणि पक या खोडकर पात्राला त्याने गायलाच लावले नाही. तो तुतारी व ढोल यांच्या साथीने बोलतो. सर्व पात्रे गात असताना एकाने बोलणे हा येथे गाण्याचा अभाव ठरत नाही. ते त्या पात्राचे वेगळेपण ठरते. मधला स्वर पक्का बसल्यानंतरच भाषणाला असा अर्थ येऊ शकतो.

अमेरिकेत रॉबर्ट वॉर्डने १९६१ मध्ये आर्थर मिलरच्या ‘द क्रूसिबल’ या १९५३ च्या नाटकावर संगीतिका रचली. तिला पुढील वर्षी पुलित्झर पारितोषिक मिळाले. १९९९ मध्ये शिकागो येथे विल्यम बॉल्कमने मिलरच्याच ‘अ व्ह्यू फ्रॉम द ब्रिज’ची संगीतिका केली, तिच्या संहितेत मिलरचाही हात होता. या दुसऱ्या कृतीत निवेदक असलेल्या वकिलाच्या जोडीला शेजाऱ्यापाजाऱ्यांचा गायकवृंद आला. गद्य नाटकात जो समाज केवळ पार्श्वभूमीला असतो, त्याला संगीतिका आवाज देऊ शकते. एका माणसाची शोकांतिका साऱ्या वस्तीच्या साक्षीने घडू लागते.

३. किर्लोस्करांचा निर्णय

मराठीत एका नाटकाचे संगीतप्रधान रूपांतर करण्याचा पहिला महत्त्वाचा निर्णय पुण्यात झाला. बळवंत पांडुरंग तथा अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी कालिदासाचे ‘शाकुंतल’ मराठीत आणून त्याच्या पहिल्या चार अंकांचा प्रयोग ३१ ऑक्टोबर १८८० रोजी आनंदोद्भव नाटकगृहात केला. शकुंतला आश्रमाचा निरोप घेते तो चौथा अंक. त्या रात्रीचा प्रयोग तेथे संपला. संपूर्ण सात अंक पुढील वर्षी रंगभूमीवर आले.

या घटनेचे वर्णन ‘मराठी संगीत नाटकाचा आरंभ’ असे करण्याची रीत आहे. सोकर बापूजी त्रिलोकेकर यांचे ‘नलदमयंती’ त्याच्या अगोदरचे असल्यामुळे आरंभाचा मान कोणाला द्यावयाचा याविषयी मतभेद होऊ शकतो. रूपांतराच्या दृष्टीने मात्र महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीस ‘सीतास्वयंवर’ केले, तेव्हापासून आख्यानाची पद्ये सूत्रधार गात असे आणि पात्रे त्यांच्या आधाराने आयत्या वेळी भाषणे करीत. गाणारा एक आणि बोलणारा दुसरा, अशी ही वाटणी होती. किर्लोस्करांनी ती मोडली. जे पात्र बोलते तेच गाऊ लागले; आणि तसे होताच, एकाच माणसाने बोलता बोलता गाण्याकडे कसे वळावे, हा आपला तिसरा प्रश्न मराठी रंगभूमीवर प्रथमच खऱ्या अर्थाने उभा राहिला.

संस्कृत नाटकात गद्य आणि श्लोक यांची गुंफण आधीच असते. त्यातील खरीखुरी गीते अगदी मोजकी. प्रस्तावनेतील नटीचे गीत किंवा पाचव्या अंकात पडद्यामागून ऐकू येणारे हंसपदिकेचे गीत ही त्यांची उदाहरणे. किर्लोस्करांनी श्लोकांच्या जागा गाण्यासाठी घेतल्या व पदांची संख्या शंभराच्या कितीतरी पुढे गेली. पण ही सारी पदे एका जातीची नव्हती, हे ध्यानात घ्यावयास हवे. काही रागदारीच्या वा लोकप्रिय चालींवरची पदे होती. आणि त्यांच्या बरोबरीने साकी, दिंडी, ओवी यांसारखे छंद होते. हे छंद श्रोत्यांना कीर्तनातून आणि आख्यानकाव्यांतून परिचित होते. साकीच्या चरणात १६ आणि १२ मिळून २८ मात्रा. दिंडीच्या चरणात ९ आणि १० मिळून १९. चाल ठरलेली व हलकी. आलापाला वाव बेताचा. ओळींची पुनरावृत्ती जवळजवळ नाही. त्यामुळे अर्थ अडत नाही. एक पात्र साकीत प्रश्न विचारते, दुसरे दिंडीत उत्तर देते आणि कथा पुढे सरकते.

इटालियन रेसिटेटिव्हचे कार्य मराठीत साकी-दिंडीने केले, असे म्हणावयास हरकत नाही. साधने मात्र भिन्न होती. रेसिटेटिव्हने गद्याला स्वर दिला. साकीने संवादाला छंद दिला. पहिल्यात लय भाषणाची असते, दुसऱ्यात ती मात्रांची असते. किर्लोस्करांनी हा मधला स्वर परदेशातून आणला नाही. कीर्तनकाराने निरूपणातून आख्यानात आणि आख्यानातून पदात जाण्यासाठी वापरलेली जुनी वाट त्यांनी नाटकाला उपयोगी पाडली.

४. मधल्या स्वराचा ऱ्हास

ही वाट पुढे अरुंद होत गेली. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या नाटकांपासून पारशी रंगभूमीच्या नव्या, नखरेल चालींचे आकर्षण वाढले. खाडिलकरांच्या ‘मानापमान’ला १९११ मध्ये गोविंदराव टेंब्यांनी आणि ‘स्वयंवर’ला १९१६ मध्ये भास्करबुवा बखल्यांनी चाली दिल्या, तेव्हा रागसंगीताचे वैभव रंगभूमीवर अवतरले. बालगंधर्वांच्या गायनाने त्या वैभवाला जी लोकप्रियता मिळवून दिली तिचा महिमा नव्याने सांगण्याचे कारण नाही. पण पद जितके मोठे, विस्तारक्षम आणि ‘वन्समोअर’ला पात्र झाले, तितका त्याच्या भोवतालच्या साक्यादिंड्यांचा मान उतरला. परिणामी एका बाजूला भारदस्त गद्य, दुसऱ्या बाजूला स्वयंपूर्ण मैफल आणि दोहोंच्या मधे ऑर्गनचा एक सूर, अशी स्थिती आली. संगीत नाटकात नाट्य थांबते ही तक्रार या स्थितीतून उद्भवली.

१९३३ मध्ये नाट्यमन्वंतर या संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आणून पदांची संख्या घटविली व केशवराव भोळ्यांच्या सुटसुटीत भावगीतसदृश चाली स्वीकारल्या. हा उपाय स्तुत्य होता. परंतु त्याने गाणे आखूड केले, बोलणे आणि गाणे यांच्यातील सांधा पुन्हा बांधला नाही. आजही जुन्या संगीत नाटकांचे संक्षिप्त प्रयोग होतात तेव्हा पुष्कळदा प्रथम कात्री चालते ती साक्यादिंड्यांवर. त्या ‘सामान्य’ वाटतात म्हणून त्या जातात. आणि त्या गेल्यावर उरलेली पदे अधिकच सुटी, अधिकच मैफलीसारखी वाटू लागतात.

५. पुनरागमन

मधला स्वर मराठी रंगभूमीवर परत आला तो संगीत नाटकाच्या वाटेने नव्हे. १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यास प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ सादर केले. दिग्दर्शन जब्बार पटेल यांचे, संगीत भास्कर चंदावरकरांचे आणि नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंदांची होती. ओळीने उभ्या राहिलेल्या ब्राह्मणांचा मानवी पडदा या नाटकात गातो, डोलतो, पाठ फिरवितो, आणि प्रसंगी गुन्हा झाकतोही. कीर्तन, अभंग, लावणी, दशावतारी खेळ यांचे आकार येथे कथेचा भार वाहतात. एकट्या गायकाचे पद जवळजवळ हद्दपार झाले. समूहाचा लयबद्ध उच्चार हाच नाटकाचा कणा झाला. बॉल्कमने शेजाऱ्यांच्या वृंदाकडून जे काम करवून घेतले, ते त्याच्या पाव शतक आधी पुण्यात झाले होते.

१९७८ मध्ये थिएटर ॲकॅडमीने पु. ल. देशपांडे यांचे ‘तीन पैशाचा तमाशा’ जब्बार पटेल यांच्याच दिग्दर्शनाखाली केले. या कृतीची वंशावळ येथे विशेष लक्षणीय आहे. गेच्या १७२८ च्या इंग्रजी कृतीवरून बर्टोल्ट ब्रेश्ट आणि कुर्ट वाइल यांनी बरोबर दोनशे वर्षांनी, १९२८ मध्ये, बर्लिनला आपली ‘तीन पैशांची संगीतिका’ रचली. आणि तिच्यावरून मराठी तमाशा. ब्रेश्टने बोलणे व गाणे यांतील सांधा मुद्दाम उघडा ठेवला. गीत सुरू होताना प्रेक्षकाला कळावे की आता अभिनेता कथेबाहेर येऊन काही सांगत आहे, असा त्याचा हेतू होता. म्हणजे तिसऱ्या प्रश्नाचे ‘वाटच नको, उडी हवी’ असेही उत्तर असू शकते. पण तेही उत्तर आहे. प्रश्न न सुचल्यामुळे राहिलेली फट आणि हेतुपुरस्सर ठेवलेली फट या दोन वेगळ्या गोष्टी होत. मराठीत तमाशाच्या बतावणी-लावणीच्या क्रमाला अशा उड्यांची सवय होतीच. म्हणून हे रूपांतर परके वाटले नाही.

या दोन्ही कृतींचे दिग्दर्शक जब्बार पटेल शंभराव्या अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलनाचे अध्यक्ष झाले, आणि जानेवारी २०२४ मध्ये हे संमेलन पिंपरी-चिंचवड येथे भरले. हा योग अर्थपूर्ण मानण्यास जागा आहे. १९५४ मध्ये पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिल्यापासून चाकणपर्यंत पसरत गेलेल्या या औद्योगिक पट्ट्यात मराठवाडा, विदर्भ, खानदेश आणि परप्रांत येथून आलेला कामगारवर्ग वसला आहे. चिंचवडचे रामकृष्ण मोरे नाट्यगृह, पिंपरीचे आचार्य अत्रे रंगमंदिर, भोसरीचे अंकुशराव लांडगे नाट्यगृह ही येथील नाटकाची ठिकाणे. या प्रेक्षकाला ख्यालाच्या अंगाने फुलणाऱ्या नाट्यपदाचा संस्कार असेलच असे नाही; परंतु देहू आणि आळंदी ही दोन क्षेत्रे या पट्ट्याला लागूनच आहेत, आणि कीर्तन, भारूड, पोवाडा हे प्रकार त्याच्या कानाला अनोळखी नाहीत. मैफलीचा स्वर त्याला दूरचा वाटला, तरी मधला स्वर त्याच्या ओळखीचा आहे. नव्या मराठी संगीतिकेचा प्रेक्षक शोधावयाचा तर तो येथेही सापडण्याचा संभव आहे.

६. रूपांतरकारापुढील काम

एखादे आधुनिक मराठी नाटक संगीतिकेसाठी निवडले, तर वरील विवेचनावरून काय निष्पन्न होते? पहिली गोष्ट भाषेच्या घडणीची. इंग्रजी शब्दात आघात एका ठराविक अवयवावर पडतो. संगीतकार त्या आघातावर तालाचे वजन ठेवतो. मराठीत असा अर्थभेदक आघात नाही. लघु-गुरूचे मान मात्र आहे. म्हणून इंग्रजी रेसिटेटिव्हची स्वररेषा मराठी वाक्यावर जशीच्या तशी बसविल्यास उच्चार परका होतो. मराठी मधला स्वर मात्रांवरच उभारावा लागेल.

दुसरी गोष्ट वाक्यरचनेची. मराठी गद्यवाक्याच्या शेवटी क्रियापद येते. स्वररेषा विसावते तेथे ‘आहे’, ‘होते’, ‘झाला’ असे हलके शब्द पडतात, आणि ज्या शब्दावर भावना ठेवावयाची तो मधेच निसटतो. साकीकाराने पदक्रम फिरवून ही अडचण टाळली होती. आजच्या गद्य नाटकाचे शब्द जसेच्या तसे गाऊ पाहणाऱ्याला हीच युक्ती योजावी लागेल, अथवा तुटक, क्रियापद गाळलेली बोलीतील वाक्ये निवडावी लागतील. मराठी रूपांतरात सिंगच्या संहितेसारखी जवळजवळ अखंड निष्ठा म्हणूनच दुर्घट आहे. ब्रिटनसारखी कठोर निवड अधिक फलदायी होईल.

तिसरी गोष्ट इंग्रजीत रूपांतर करण्याविषयी. ‘घाशीराम’चे जयंत कर्वे व एलिनॉर झेलियट यांनी केलेले इंग्रजी भाषांतर उपलब्ध आहे. अशा भाषांतरावरून कोणी इंग्रजी संगीतिका करू म्हटले, तर अर्थ हाती असूनही अभंगाचे मात्रामान हाती राहणार नाही. ते इंग्रजीतील आघातांच्या रचनेत नव्याने शोधावे लागेल. अशा शोधाला भारतीय कथावस्तू आडकाठी करीत नाही. होल्स्टने महाभारतातील कथेवर रचलेली आणि १९१६ मध्ये प्रथम झालेली ‘सावित्री’ ही छोटी इंग्रजी संगीतिका मृत्यूच्या स्वराने, कोणत्याही वाद्याच्या साथीवाचून सुरू होते. एका आवाजाच्या उच्चारावरच तेथे सारा भार आहे.

संगीत, वाद्यमेळ, नेपथ्य ही साधने अलीकडच्या काळात सहज मिळतात. गाणारे नटही मिळतात. दुर्मिळ आहे ती मधल्या स्वराची जाण. तिच्या खुणा किर्लोस्करांच्या संहितांत छापून पडल्या आहेत, पण प्रयोगातून गळत चालल्या आहेत. ‘शाकुंतल’ किंवा ‘सौभद्र’ यांच्या पुढील प्रयोगात साक्यादिंड्या वगळण्याऐवजी त्या संवाद म्हणून म्हणावयास लावल्या, तर नाटकाची संगीतिका कशी होते याचा अर्धा अभ्यास तेथेच होईल. उरलेला अर्धा अभ्यास एखाद्या आजच्या नाटकाचा एकच प्रवेश घेऊन, त्यातील कोणते वाक्य बोलावयाचे, कोणते गावयाचे आणि कोणते या दोहोंच्या मधे ठेवावयाचे, हे ओळीओळीने ठरविण्यात आहे.